एतेरीचं नाक

तापात माझं नाक गेलं. तेव्हापासून
झेस्टापोनीच्या या गॅरेजात वास घेते
एतेरी, वय वर्षं नऊ.

नोदारची जुनी लाडा.
"आत पेट्रोलचा भपकारा येतो," म्हणाला,
"पण टाकी गच्च भरली तरच. आणि वळणावर."

कार्बोरेटर कोरडा. पंप कोरडा.
खालच्या नळीवरून बोट फिरवून
मी उगाच नाकाशी नेलं.

एतेरी मागच्या सीटवर डोळे मिटून बसली.
"उजवीकडे. डिकीत. वरच्या अंगाला."

पुठ्ठा उचकटला: टाकीच्या गळ्याचं रबर,
टाचेसारखं भेगाळलेलं.

"अजून एक आहे," ती म्हणाली.
"सिगारेट. कालचीच."

बाहेर उन्हात नोदारची बायको उभी.
त्यानं वीस लारी जादा ठेवले,
तिच्या हातावर,
माझ्या नाही.