सतरा-ब

पुडकं मंगळवारी आलं. तपकिरी कागद,
वर पेन्सिलीनं नुसता आकडा: सतरा-ब.
नेव्हिओनं ते नेहमीसारखं नाकाशी धरलं,
नेहमीसारखे डोळे मिटले
आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

फेब्रुवारीतल्या तापापासून
घरात दूध करपलं तरी त्याला पत्ता नसतो.
चाळीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात
पोत्यात पोकळ सुई खुपसून, चार दाणे हुंगून
जो सांगायचा, हा माल वाटेत भिजलाय,
त्याला परवा मी कापलेला कांदा दिला
तर म्हणाला, काहीतरी ओलं आहे.

भट्टीवाल्या कोच्यांचिचला हे ठाऊक नाही.
तो अजून दर नव्या मिश्रणाचं पुडकं पाठवतो,
सोबत छापील कागद आणि परतीचं पाकीट.

तूच पी, नेव्हिओ म्हणाला.
मी?
चौपन्न वर्षांच्या संसारात
मी कॉफीत दूध कधी घातलं नाही,
दुधात कॉफी घातली.

अठरा ग्रॅम. दाबलं. कळ फिरवली.
पहिला कप सोळा सेकंदांत धावत आला,
नळ उघडा राहिल्यासारखा, फिकट, घाईचा.
माझं तोंड बघूनच त्यानं ग्राइंडर दोन खुणा बारीक केला.
दुसरा थेंब थेंब, चोंदल्यासारखा, एक्केचाळीस,
जळक्या दोरखंडाची चव.
मग एक खूण मागे.
आता बघ, म्हणाला, आणि खरंच
उंदराच्या शेपटीएवढी धार,
वर खारीच्या रंगाची साय.
अठ्ठावीस.

अंग कसं आहे?
कुणाचं?
कॉफीचं, ओंदिना. जिभेवर वजन किती?
ओल्या लोकरी मोज्याइतकं.
असं लिहीत नाहीत.
बदाम, कोको, संत्र्याची साल, असं काही सांग.

माझ्या जिभेला हाड नाही
हे त्याच्या आईनं लग्नातच सगळ्यांना सांगितलं होतं.
बदाम नाहीये यात, मी म्हटलं,
असता तर दिला असता.
तुझ्या आईच्या शिलाई मशीनचा ड्रॉवर आहे.
लाकूड, मशीनचं तेल,
आणि कोपऱ्यात कागदाला चिकटलेली
बडीशेपेची एक जुनी गोळी.

त्याचं पेन थांबलं.
लाकूड म्हणजे माल जुना, तो हळूच म्हणाला,
गेल्या हंगामातला. कोच्यांचिच फसला.
तेल म्हणजे रोबुस्टा, वीस टक्के तरी.
गोळी… गोळी मला ठाऊक नाही.
पुन्हा पी.

मी पुन्हा प्यायले. गोळी होतीच.
मग त्यानं कप माझ्या हातातून घेतला,
उरलेला घोट तोंडात घोळवला
आणि खिडकीकडे बघत राहिला.
कडू कळतं, म्हणाला. आंबट कळतं.
अंग आहे, मोज्याइतकं, बरोबर.
बाकी सगळे भिंतीपलीकडे बोलतायत.

कागदावर त्यानं बदाम लिहिलं नाही.
लिहिलं: लाकूड, तेल, बडीशेप (?).
तो प्रश्नचिन्ह मला जरा लागला,
पण सही त्याची, म्हणून गप्प बसले.

पाच कपांची झोप कशी येणार?
रात्रभर बोरा वारा झडपांशी भांडतोय,
खाली कुणाची तरी स्कूटर आडवी पडली.
नेव्हिओ माझ्याकडे पाठ करून घोरतोय.
मी नाक त्याच्या मानेशी नेते.
ताग. समुद्राची ओल. अजून.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
किती साबण संपले.

हे त्याला सांगायला हवं.
पण सांगितलं, तर तो विचारणार,
नक्की कुठल्या बंदराचा ताग?
आणि मला पुन्हा हुंगायला लावणार.