निकाल

गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला,
तेवढ्यात सास्काटूनहून जावयाचा फोन:
"मामा, इकडं निकाल लागला!"
म्हटलं, गुलाल किती?
"नसतो."
आणि तांबडा-पांढरा?
"तोही नसतो. हरलेला फोन करून
जिंकलेल्याचं अभिनंदन करतो. झालं."

फेस मिशीवरच वाळला.

दूध संस्थेला मी तीन मतांनी पडलो
त्याला अकरा वर्षं झाली.
हिंदुराव दिसला की अजून बोळ बदलतो,
पलीकडच्या बोळात कुत्रं असतं, तरी.

घरी नळ कोरडा.
हिला म्हटलं, कॅनडात अल्पमताचं सरकार आलंय.
"हितं काय निराळं हाय? कोथमीर आणलीसा?"

रात्री गच्चीवर जाऊन
हिंदुरावला फोन लावला.
"अभिनंदन," म्हटलं.
"कोण बोलतंय?"
घाबरून म्हटलं,
"कॅनडा."