बाकी ओके

शोरूममध्ये त्यानं इंजिनाबद्दल सांगितलं ते यांना,
आणि मला रंगाबद्दल.
यांना साधी सायकल येत नाही.
लायसन माझं, सत्तेचाळिसाव्या वर्षी काढलेलं,
पैसे माझ्या पीएफमधले,
तरी माझ्या वाट्याला आलं ते
"मॅडम, हा मोतिया व्हाइट आहे."

"सिंगल ओनर. दादरच्या एक लेडी डॉक्टर.
घर ते क्लिनिक, क्लिनिक ते घर."
मीटरवर अडतीस हजार.
मला त्या डॉक्टरीणबाई दिसायलासुद्धा लागल्या:
मागच्या सीटवर घडी केलेला कोट,
ब्रेक असा दाबतात की पेशंटला कळू नये सुई गेलेली.
गाडीत मोगऱ्याचा वास होता.
इतका मोगरा कशासाठी, हे तेव्हा विचारायला हवं होतं.
मग हार, पेढे, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, फोटो.
फोटोत किल्ली यांच्या हातात आहे.

अकराव्या दिवशी ऐरोलीच्या पुलावर
एसीनं गरम श्वास टाकला.
मग डावीकडे वळताना कट् कट्,
कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरावी तसं.
उजवीकडे वळताना काही नाही.
आठवडाभर मी कन्नमवार नगरातून
फक्त उजवीकडे वळत शाळेत गेले.

कुर्ल्याच्या मुस्तकीमनं गाडी वर घेतली, खाली घेतली,
काही बोलला नाही.
दाराच्या आतला स्टिकर दाखवला, अर्धा खरवडलेला:
पुढची सर्व्हिस नव्वद हजारला.
मग मॅट उचललं, मॅटखालचं कार्पेट उचललं.
"दीदी, ये पानी में खड़ी थी. सीट तक."
खाली गाळ. वाळून पापडासारखा तडकलेला.
आणि त्यात एक मूग,
मोड येऊन, कोंब बोटाच्या पेराएवढा वाढून, वाळलेला.

तेवीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत आहे.
मुगाला मोड यायला दीड दिवस पुरतो.
एवढा कोंब यायला चार दिवस लागतात, पाचही.
म्हणजे कुणाच्या तरी वाणसामानाची पिशवी फुटली होती,
आणि पाणी ओसरल्यावरही त्या ओल्या काळोखात
पाच दिवस कुणी दार उघडलं नव्हतं.
डॉक्टरीणबाई, तुम्ही कुठे होतात?
की तुम्ही नव्हतातच?

मूग मी चष्म्याच्या डबीत ठेवला.

व्हील बेअरिंग, चार हजार दोनशे.
रॅक एंड, बुश, मजुरी, नऊ हजार.
कॉम्प्रेसर सव्वीस, त्यात मुस्तकीमनं पाचशे सोडले.
प्रत्येक बिलाच्या तळाशी तो लिहितो, बाकी ओके.
पुढचं बिल त्याच बाकीतून येतं.
हे म्हणाले, "मी सांगत होतो."
काय सांगत होते ते मला आजवर आठवलेलं नाही.

फाइल घेऊन शोरूमला गेले.
मॅनेजर गोडबोल्या. पाणी मागवलं, गार.
"वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सची, मॅडम.
हे सगळं झिजणारं सामान."
मी डबी उघडून मूग टेबलावर ठेवला.
त्यानं मुगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग मूग टिश्यूनं पुसायला हात पुढे केला.
मी झटकन उचलला.

बाहेर एका चंदेरी गाडीत
एक बाई स्टिअरिंगला हात लावून बसली होती,
काचेतून मोगरा येत होता.
सेल्समन तिच्या भावाला इंजिनाबद्दल सांगत होता.
मी वाकून एवढंच म्हटलं, "कार्पेट उचलून बघा. मॅट नव्हे, कार्पेट."
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जणू मलाच ती गाडी हवी आहे.

पुढे काय झालं माहीत नाही.
माझी गाडी रस्त्यापलीकडे उभी होती.
पहिल्या सेल्फला ती कधीच चालू होत नाही.
दुसऱ्याला होते.
झाली.
आरशात पाहिलं तर
चंदेरी गाडीचं दार उघडं होतं
आणि कुणीतरी खाली वाकलेलं होतं,
बाई की भाऊ, की सांडलेली पर्स गोळा करणारं कुणी,
ते दिसेपर्यंत सिग्नल सुटला
आणि मला डावीकडे वळायचं होतं.