तिसऱ्या गाण्याआधी

हाल्श्काबाईंनी पिशवीतून रेकॉर्ड काढली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, अंडी आणावीत तशी.
एकाहत्तर सालची, पहिल्या छपाईची.
कव्हरच्या कोपऱ्यावर चेरीच्या मुरंब्याचा डाग,
लेबलवर पेन्सिलीने कुणाचा तरी फोन नंबर,
पाचच आकडी.

नवी माझ्या टेबलावर होतीच.
दोन जाडजूड तबकड्या, पंचेचाळीसचा वेग,
दर अकरा मिनिटांनी उठा, उलटा, बसा.
किंमत ऐकून बाई हसल्या:
"एवढ्यात आम्ही अख्खा बँड जेवू घालायचो."

पोझनानला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चहा केला, ग्लासात, लिंबू घालून.

आधी जुनी.
सुई टेकली. निखाऱ्यांवर मीठ पडावं तसा आवाज,
आणि त्यातून वाट काढत ट्रम्पेट,
नखाने आत्ता सोललेल्या सालीसारखं.
झांजा तर हवेत सांडलेल्या.
"पण बास कुठाय?" मी म्हटलं.
"बास बोगुमिवने छाटला."
बोगुमिव म्हणजे लेथवर बसून
लाखेच्या थाळीत चर कोरणारा.
"घरोघरी ते हलके प्लेयर. खर्ज जास्त झाला
की सुई उडायची, लोक भांडायला यायचे.
म्हणून छाटला. रडतबिडत नाही हं,
सिगारेट ओढत."
मूळ प्रत, मूळ प्रत म्हणून जिच्यासाठी
उत्रेख्तचा एक गृहस्थ मला फोन करकरून छळतो,
ती ही अशी, नाइलाजाने मूळ.

मग नवी.
बास आला. दारातून नव्हे, जमिनीतून.
ग्लासातला चमचा किणकिणला.
बाई ताठ बसल्या.
तेव्हा त्या टेप चालवायच्या, चोवीस वर्षांच्या, काचेमागे.
"हे एवढं आम्ही चौघांनीच ऐकलं होतं,
बाहेर कुणाच्या घरी पोचलंच नाही."
झांजांवर मात्र गंज.
पन्नास वर्षांत टेपने वरचे सूर थोडे थोडे गिळले,
म्हातारपणी कान गिळतात तसे.
बाईंच्या ते लक्षात आलं नाही.
माझ्या आलं, मी बोललो नाही.

तिसऱ्या गाण्याआधी, जिथे नुसती शांतता हवी,
तिथे ट्रम्पेट वाजलं.
पुसट, भिंतीपलीकडे वाजावं तसं.
एक सेकंद. मग खरं.

मी माफी मागितल्यासारखा समजावू लागलो:
टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की
एका वेढ्यातला सूर शेजारच्या वेढ्यावर उमटतो,
वही ओली असतानाच मिटल्यासारखा.
जुन्या प्रतीत हे नाही, तेव्हा टेप ताजी होती.
दोष आहे.

"दोष," बाई म्हणाल्या, शब्द चाखून बघावा तशा.
"तो असंच करायचा. फुंकायच्या आधी
तोंड न लावताच बोटं चालवून बघायचा.
मला काचेतून दिसायचं.
ऐकू यायचं नाही."

तो म्हणजे कोण, विचारलं नाही.
लेबलवरचे पाच आकडे बघत बसलो.

"परत लाव."
लावलं. तीनदा, तेवढीच जागा.
चौथ्यांदा सुई उचलली तर दार ढकलून एक पोरगा:
गिटारच्या तारा आहेत का?
नाहीत, म्हटलं. तो उगाच दोन खोकी चाळून गेला.

बाईंनी जुनी पुन्हा कागदात गुंडाळली.
नवी घेतली नाही.
"दर अकरा मिनिटांनी उठायला
गुडघे कुणाचे आणू?"

रात्री उत्रेख्तचा फोन.
बास आणि झांजांचं त्याला पाठच होतं.
एकच विचारायचं होतं,
शांतता कुठल्या प्रतीत जास्त आहे?

नव्या, म्हटलं.
तिसऱ्या गाण्याआधीची सोडून.