थेंबांचं वेळापत्रक

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी रकाने आखलेत:
सकाळी सहा, आठ, दहा, बारा.
हिरव्या झाकणाची बाटली दोन-दोन तासांनी,
पांढऱ्या झाकणाची चारदा,
मधे पाच मिनिटं डोळा मिटून.
एकोणतीस वर्षं बिटको दवाखान्यात केसपेपर लिहिले,
रकाने मला कुणी शिकवायचे नाहीत.
नाव? पत्ता? वय?
परवा काचेपल्याडच्या मुलीनं मलाच विचारलं,
पेशंटचं वय?
आणि मी अडखळले.
त्र्यंबक गांगुर्डे, जेल रोड,
एकाहत्तर.
आकडा माझ्याच तोंडून आला,
पण रांगेतल्या मागच्या माणसाचा असावा तसा.

हे प्रेसमध्ये होते.
नोटा नव्हे, तिकिटं. दर वेळी सांगावं लागतं.
पोस्टाच्या तिकिटांचे ताव उजेडाकडे धरायचे
आणि चूक शोधायची:
एखादं भोक कमी, शाई केसभर सरकलेली,
मोराच्या पिसाऱ्यात एक रेघ जास्त.
चौतीस वर्षं चुका शोधायचा पगार घेतला,
मग निवृत्त होऊन घरी आले
आणि माझ्या पोळ्या उजेडाकडे धरू लागले.

पहिली दोन वर्षं आम्ही नुसतं भांडलो.
भोंगा झाला की हे उठून उभे राहायचे,
डबा मागायच्या बेतात,
मग भान येऊन
पाणी मागायचे.

पुढे हळूहळू पोळ्या सुटल्या.
तांदळातला खडा सुटला.
शर्टाचं बटण भलत्याच काजात, तेही सुटलं.
मला वाटलं, माणूस निवळला.
बेंडकुळेकाकूंना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मोतीबिंदू होता तो.

आज पट्टी निघाली.
रिक्षात बसल्यापासून मान बाहेर.
दत्तमंदिराचा स्टॉप, सिन्नरच्या बसची पाटी,
द्राक्षांच्या हातगाडीवर खडूनं लिहिलेला भाव,
सगळं मोठ्यानं वाचत होते,
नुकतंच जोडाक्षर जमलेल्या पोरासारखे.
रिक्षावाला आरशातून हसला.
घरी आल्या आल्या दोरीवरच्या बनियनसमोर उभे.
"पांढरं आहे की."
"मग?"
"मला वाटायचं, तू नीळ घालायची सोडलीस."

सहा वर्षं वाटायचं.
सहा वर्षं एका शब्दानं बोलले नाहीत.
जन्मभर चुका शोधणाऱ्या माणसानं
माझी ही एक, न केलेली,
गपचूप पोटात घातली होती.

संध्याकाळी वृषालीचा नागपूरहून व्हिडिओ कॉल.
"बाबा, आई कशी दिसते आता?"
मी गॅसकडे वळले. भाजी उगाच हलवली.
पाठमोरीच होते, तरी कळलं,
नजर मानेवर आली आहे,
तावावर यायची तशी, एका टोकापासून.
बराच वेळ.
"कानामागे," म्हणाले,
"मेंदी नीट लागली नाहीये."
लेक फोनमध्ये हसत सुटली. मीही.
काय बोलणार. पगार घेतलाय.

डॉक्टर म्हणतात, आता बाईंचा नंबर,
संक्रांत झाली की या.
मी म्हटलं बघू.
थंडी ओसरू दे, द्राक्षं संपू देत,
वृषाली येऊन जाऊ दे.
खरं कारण केसपेपरवर लिहिण्यासारखं नाही.
माझ्या धुक्यात हे अजून
पन्नाशीतले आहेत,
केस निम्मे काळे,
पायात सायकलची क्लिप.
थोडे दिवस राहू देत तसे.

दहा वाजले.
हिरवं झाकण.
मान मागे करा. वर बघा.
वर म्हटलं ना,
माझ्याकडे नाही,
पंख्याकडे.