बजावणी

ब्लू हेरन प्रॉपर्टीज एलएलसी,
तीन दिवस तुला शोधतोय टोलीडोभर.

पहिल्या पत्त्यावर लॉन्ड्री. वर एक बंद गाळा,
काचेतून दिसणारी एकुलती खुर्ची, तिच्यावर पडदे धुवायचे राहिलेले.
दुसरा पत्ता पार्सलच्या दुकानातली पत्रपेटी निघाली,
पंजाएवढं दार.
वाकून आत डोकावलो.
पिझ्झाची कुपनं होती.

माझे वडील बार्शीच्या कोर्टात बेलिफ.
सायकलवर वैराग, पांगरी पालथं घालायचे.
प्रतिवादी माळवदावरून उडी टाकून पसार झाला
तर शेजारचे दोन पंच बोलावून
दारावर समन्स डकवायचे. खळ घरचीच, डब्यातून नेलेली.
मग त्याच घरात पाणी मागून प्यायचे.
म्हणायचे, कागद कोर्टाचा, तहान आपली.

तुला कुठलं दार, कुठलं माळवद?
पळायला पाय नाहीत, म्हणूनच हाती लागत नाहीस.
नावातच बगळा,
एका पायावर, डोळे मिटून.

लॅग्रेंज स्ट्रीटवर डेलोरिस प्रूइट
डिसेंबरपासून ओव्हनचं दार उघडं टाकून शेकते आहे.
नातू दोन कोट घालून गणितं सोडवतो.
बॉयलरबद्दल तिने तुला अकरा पत्रं लिहिली, अकराही परत आली.
भाडं मात्र एक तारखेला बरोबर पोचतं.
त्याला तुझा पत्ता कसा सापडतो, कोण जाणे.

चौथ्या दिवशी कोलंबस. अडीच तास, रस्ताभर मीठ.
नवव्या मजल्यावर तुझी नोंदणीकृत प्रतिनिधी,
मिसेस व्हर्ना किट्झमिलर.
टेबलाखाली पायांशी छोटा हीटर.
दारातून दुधाची पिशवी घ्यावी
तसा तिने कागद घेतला.
"यांना कधी पाहिलंय?"
"कुणालाच नाही. साडेचार हजार कंपन्या आहेत माझ्याकडे.
नाताळचं कार्ड एकीचं येईल तर शपथ."
शिक्का. दोन वाजून दहा.

गाडीत बसून शपथपत्र भरायला घेतलं.
बजावणी कुणावर झाली, त्याचं वर्णन करा:
लिंग, वय, केस, उंची, वजन.
तुझे केस कुठल्या रंगाचे, एलएलसी?
लिहिलं: स्त्री. साठीच्या पुढे.
केस करडे, पिनेने वर बांधलेले. उंची पाच-दोन.
आता कोर्टाच्या दप्तरात
तुझा चेहरा म्हणून हिचा चेहरा जाईल,
जिने तुला कधी पाहिलं नाही.
वजनापाशी थांबलो.
जबाबदारी मर्यादित, हे पौंडात कसं मांडायचं?

मिठाने घसा कोरडा पडला होता, की वडिलांमुळे, सांगता येत नाही.
पुन्हा नऊ मजले वर गेलो.
म्हटलं, "पाणी मिळेल थोडं?"
तिने आधी हात पुढे केला, कागदासाठी.
मग लक्षात आलं तिच्या,
आणि पेला शोधू लागली.