निम्मी हवा

घाटंजीच्या उपकेंद्रात क्वांटमची प्रयोगशाळा म्हणजे
एक खोली, खिडकीला काळा पडदा,
ओट्यासाठी आणलेला पण ओटा न झालेला कडप्पा,
त्यावर दोन आरसे, दोन अर्धे आरसे
आणि एक लेझर, मंद करत करत इतका मंद
की एका वेळी एकच कण निघावा.

पहिला अर्धा आरसा कणाला दोन्ही वाटांवर धाडतो.
दुसरा त्या वाटा पुन्हा जुळवतो.
वासेकर मॅडमनी फळ्यावर लिहिलं:
तेच गेट दोनदा लावलं तर शून्याचं परत शून्य.
म्हणजे सगळी टिकटिक डाव्या डिटेक्टरवर,
उजवा गप्प.

आमचा उजवा गप्प बसेना.
आठवडाभर वहीत निम्मेनिम्म,
पाचशे चार, चारशे शहाण्णव.
प्रणोती म्हणाली, हे तर नाणं उडवूनही आलं असतं.

भिंतीपलीकडे जिनिंग.
रेच्यांची धडधड जमिनीतून टेबलाच्या पायात,
पायातून आरशात.
केसाच्या शंभराव्या भागाइतका आरसा हलला
तरी एक वाट दुसरीला ओळखत नाही.

गुणवंत पेंदोर आमचे लॅब अटेंडंट.
त्याआधी अकरा वर्षं पलीकडेच फिटर.
त्यांनी कडप्प्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले:
"तिसरा रेचा. बेअरिंग गेलं त्याचं."
मग आम्हाला म्हणाले,
"सायकलच्या ट्यूबा आना चार. निम्मी हवा भरून."

पारवा फाट्यावर बाबांचं पंक्चरचं दुकान.
"कायले पाहिजेत वं?"
मी सांगितलं. कण दोन्ही वाटांनी जातो
जोवर त्याला कुणी विचारत नाही.
विचारलं की एकच धरतो,
आणि गणित तिथंच मोडतं.
ते घमेल्यात ट्यूब दाबत होते,
वीतभर पुढं, पुन्हा वीतभर.
"पाहाचंच नाही म्हनतं.
मंग बिघडलं कुठी, ते कसं गवसते तुमाले?"
ते पुढच्या सेमिस्टरला आहे, मी म्हटलं.
"हवा कोनं पाह्यली आजवर?
बुडबुडा पाहाचा."
आणि जांभळ्या पेन्सिलीनं खूण केली.

रात्री साडेअकराला जिनिंगची पाळी सुटली.
चार ट्यूबांवर कडप्पा, कडप्प्यावर आरसे,
पंखा बंद, कूलर बंद, घाम चालू.
गुणवंतकाका स्क्रू नखानं फिरवत होते,
फिरवत म्हणजे, फिरवावा की नाही असं.
नऊशे बारा. अठ्ठ्याऐंशी.
नऊशे पासष्ट.
नऊशे ब्याऐंशी, अठरा.
कुणी काही बोललं नाही.
मग प्रणोतीला शिंक आली.
सातशे चाळीस.
तेही लिहिलं, वेळेसकट, कारण: शिंक.

पुढच्या सेमिस्टरला तो धडा आला.
क्युबिटला तू कोण, असं विचारायचं नाही.
शेजारच्या दोघांचं जुळतं का, एवढंच पाहायचं.
जुळत नसेल तिथं चूक.
क्युबिट न उघडता चूक सापडते.
मॅडम त्याला सिंड्रोम म्हणाल्या.
माझ्या वहीत समासात
आधीच लिहिलं होतं: बुडबुडा.

तोंडी परीक्षेत मी तेच बोलून गेले.
नागपूरहून आलेले परीक्षक
थोडा वेळ चष्मा पुसत राहिले,
पंचवीसपैकी सोळा दिले.
घमेलं आणायला हवं होतं.

चारांतली एक ट्यूब अजून हळूहळू उतरते.
सकाळी दार उघडलं की कडप्पा
जिनिंगच्या बाजूला किंचित कललेला असतो.
आधी पंप मारते.
मग लेझर लावते.